डिझेल मोटारीचे गणित

भारतात डिझेल मोटार घरोघरी पोहोचली ती इंधनाच्या दरांतील तफावतीमुळे. शेती आणि वाहतुकीसाठी सरकार डिझेल स्वस्त ठेवत असे. त्याचा लाभ मोटारमालकांनाही मिळाला. १९९८ च्या डिसेंबरात टाटांची इंडिका आली आणि छोटी डिझेल मोटार मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. जून २०१० मध्ये पेट्रोलचे दर नियंत्रणमुक्त झाल्यावर तफावत रुंदावली. मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल लिटरला ७३ रुपये, तर डिझेल सुमारे ४१ रुपये होते. डिझेल गाडीसाठी समजा लाखभर रुपये जादा मोजले आणि किलोमीटरमागे दोन रुपये वाचले, तर ५०,००० किलोमीटरनंतर ते वसूल होत.

ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलही नियंत्रणमुक्त झाले आणि ही तफावत घटत गेली. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ ही वाहनांच्या धुराबाबतची मानके लागू झाली, तेव्हा मारुती सुझुकीने डिझेल मोटारी बंद केल्या. नव्या गाड्यांतील काजळी अडवणारा फिल्टर लांबच्या प्रवासात तापून साफ होतो, जवळच्या फेऱ्यांत तुंबतो. त्यामुळे रनिंग कमी असल्यास नवी डिझेल गाडी परवडत नाही. मात्र चांगली चालणारी जुनी गाडी केवळ इंधनखर्चासाठी बदलणेही तोट्याचेच ठरते.