दाखल झालात तरच विमा?

समजा, अकोले तालुक्यातला पंधरा वर्षांचा मुलगा आहे. शाळा सुटलीय, घरात कुणाशी बोलत नाही, स्वतःला इजा करून घेतो. डॉक्टर म्हणाले, दर आठवड्याला थेरपी लागेल, वर्षभर तरी. सरकारी विमा पैसे देईल?

उत्तरासाठी १९९७ मध्ये जाऊ. तेव्हा राज्यात जीवनदायी योजना आली ती हृदय, मेंदू, मूत्रपिंड असल्या मोठ्या ऑपरेशन्ससाठी. २०१२ मध्ये तिची जागा राजीव गांधी जीवनदायी योजनेने घेतली. पहिल्या आठ जिल्ह्यांत आपलं नगर नव्हतंच, नोव्हेंबर २०१३ मध्ये आलं. २०१७ पासून नाव महात्मा फुले जन आरोग्य योजना. नावं बदलली, पण हिशोब तोच राहिला: पेशंट दाखल, उपचाराचं पॅकेज, हॉस्पिटलला पैसे. २०१८ च्या आयुष्मान भारतमध्ये मानसिक आजार आले, तेही याच चौकटीत. ओपीडी बाहेरच.

आता गंमत बघा. गंमत कसली म्हणा! २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा कलम २१ मध्ये विमा कंपन्यांना सांगतो की मनाचा आजार शरीराच्या आजारासारखाच धरा. त्याच कायद्याचं कलम ८७ म्हणतं, अठराच्या आतल्या मुलाला अपवादात्मक परिस्थितीतच दाखल करा, बाहेर राहून होणारे उपाय थकले तरच. म्हणजे कायदा म्हणतो शक्यतो दाखल करू नका, आणि योजना म्हणते दाखल झालात तरच पैसे. आपला मुलगा बरोबर या दोघांच्या मधल्या फटीत अडकतो. मला तरी हा दुर्लक्षापेक्षा जुन्या साच्याचा दोष वाटतो. ऑपरेशन एकदाच होतं, थेरपी चाळीस वेळा.

मग काय उरतं? जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आणि जिल्हा रुग्णालयाची ओपीडी. ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत. पण आपला जिल्हा क्षेत्रफळात राज्यात सगळ्यात मोठा, आणि अकोल्याहून नगर शंभर किलोमीटरच्या वर. एसटीत आईला अर्धं तिकीट, मुलाला पूर्ण. शिवाय त्या दिवशीची मजुरी बुडते, ती कुठल्याच पॅकेजमध्ये नाही.

फोनवर बोलायचं असेल तर टेलिमानस आहे, २०२२ पासून. नंबर १४४१६, मोफत, मराठीतही बोलतात. हा नंबर सेव्ह करूनच ठेवा.