शरीराचा तोल आणि पटकीचा धडा

वैशाखातल्या भर दुपारी शेतावरून परतलेला माणूस ओसरीवर टेकतो आणि आधी तांब्याभर पाणी मागतो. बाहेर उन्हाचा पारा ४२ अंशांवर असतो. पण त्याच्या अंगात थर्मामीटर लावून पाहा, ३७ अंशांच्या आसपासच निघेल. घामाने त्याचे शरीर थंड ठेवलेले असते. घामावाटे गेलेले पाणी भरून निघावे म्हणून त्याला तहान लागते. आणि उरलेले वाया जाऊ नये म्हणून मूत्रपिंडे हात आखडता घेतात, लघवी थोडी व पिवळी होते. हा सारा कारभार त्याच्या नकळत चालू असतो. बाहेरचे जग पालटते, आतले मात्र जवळजवळ जिथल्या तिथे राहते.

मी इतिहास शिकवतो. वैद्यकाशी माझा संबंध रोगी म्हणून येतो तेवढाच. परंतु हा आतला तोल माणसाला कसा उमगला, आणि तो उमगेपर्यंत किती जीव गेले, ही हकीकत इतिहासाचीच आहे. ती पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या निमित्ताने सांगतो.

१८३१ साली पटकी इंग्लंडात सन्डरलंड बंदरात उतरली. जुलाब-वांत्यांनी धडधाकट माणूस एका दिवसात काळानिळा पडे, डोळे खोल जात, हातपाय गार होत. त्या वेळचे डॉक्टर काय करीत? रक्त काढीत! ज्याच्या अंगातले पाणी आधीच वाहून गेले आहे, त्याच्या शिरा ते आणखी रित्या करीत. ते दुष्ट नव्हते. दूषित रक्त बाहेर काढावे, हीच त्यांची पोथी होती.

सन्डरलंडला विल्यम ओशॉनेसी नावाचा बावीस वर्षांचा डॉक्टर गेला. त्याने रोग्यांचे रक्त तपासले, तेव्हा त्यातले पाणी आणि क्षार घटलेले आढळले. गेले ते परत घालावे, असे त्याने सुचवले. हाच ओशॉनेसी पुढे कलकत्त्यास आला आणि हिंदुस्थानात तारायंत्राच्या तारा त्यानेच टाकल्या, बरं का! त्याची सूचना प्रत्यक्षात आणली स्कॉटलंडातील लीथ गावच्या टॉमस लॅटा यांनी. १८३२ च्या मे महिन्यात एका मरणोन्मुख म्हाताऱ्या बाईच्या शिरेत त्यांनी खारट पाणी सोडले. बाईची नाडी परत लागली, हात ऊबदार झाले, चेहऱ्यावर कळा आली. लॅटा समाधानाने निघून गेले. जुलाब पुन्हा सुरू झाले, आणि काही तासांत बाई गेली.

पुढे लॅटांचे काही रोगी वाचलेही. पण साथ ओसरली, १८३३ साली लॅटा वारले, आणि तो उपाय अडगळीत पडला. असे का व्हावे? एक तर निर्जंतुक पाणी म्हणजे काय, हे कोणास ठाऊक नव्हते. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. उपाय हाती आला होता, पण त्यामागचा विचार जन्मला नव्हता. शरीराचा तोल एकदा सावरून भागत नाही. जितके जाते तितके सतत घालत राहावे लागते, हे सांगणारे शास्त्रच नव्हते.

ते शास्त्र पॅरिसमध्ये घडले. क्लोद बेर्नार हा द्राक्षमळ्यात राबणाऱ्याचा मुलगा. यकृत स्वतः साखर साठवते व लागेल तशी रक्तात सोडते, हे त्याने दाखवून दिले. त्यावरून त्याने मोठा सिद्धांत मांडला : आपल्या पेशी हवेत जगत नाहीत, त्या आतल्या द्रवात जगतात, आणि तो द्रव स्थिर राहतो म्हणूनच प्राणी बाहेर मोकळेपणाने हिंडू शकतो. पुढे हार्वर्डच्या वॉल्टर कॅनन यांनी पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये जखमी शिपायांचा ‘शॉक’ अभ्यासला. १९२६ साली त्यांनी या व्यवस्थेला ‘होमिओस्टॅसिस’ असे ग्रीक धातूंवरून नाव दिले. आपण त्याला समस्थिती म्हणू. समस्थिती म्हणजे दगडासारखे निश्चल राहणे नव्हे. दोरीवरचा डोंबारी जसा क्षणोक्षणी इकडेतिकडे कलून तोल राखतो, तसे ते आहे.

आता पटकीच्या रोग्याकडे पुन्हा पाहा. त्याचे हातपाय गार का? शरीर कातडीकडचे रक्त आवरून मेंदूला व हृदयाला पुरवते म्हणून. लघवी बंद का? थेंबन्‌थेंब राखायचा म्हणून. ज्यांना आपण नुसती रोगाची लक्षणे म्हणतो, त्यांतली कित्येक शरीराची झुंज असते. त्या झुंजीला हात देणे, हेच वैद्याचे काम.

विसाव्या शतकाच्या आरंभी लिओनार्ड रॉजर्स यांनी कलकत्त्यात शिरेतून खारट पाणी देण्याची पद्धत पुन्हा रुजवली, आणि मृत्यू पुष्कळ घटले. १९५९ साली त्याच शहरात शंभुनाथ डे यांनी सिद्ध केले की, पटकीचे जंतू एक विष सोडतात व त्यामुळे आतड्यातून पाणी वाहते. आतडे स्वतः फाटत नाही की कुजत नाही. त्याच सुमारास हेही कळले की, आतड्यात साखर शिरताना मिठाला सोबत घेऊन जाते, आणि मिठामागून पाणी जाते. पटकीतही ही वाट खुलीच राहते! १९६८ साली ढाक्याच्या डॉक्टरांनी रोग्यांना साखर-मिठाचे पाणी पाजून हे पडताळून पाहिले.

खरी परीक्षा १९७१ साली झाली. बांगलादेशच्या युद्धामुळे लक्षावधी निर्वासित सीमा ओलांडून आले होते. बनगावच्या छावणीत पटकी पसरली आणि सलाइनच्या बाटल्या संपल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरभर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ व अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा, असे मिश्रण पिंपांतून तयार ठेवले आणि नातेवाइकांनाच ते पाजायला सांगितले. शेकडा ३० पर्यंत जाणारे मृत्यू शेकडा ३.६ वर आले. शिकलेसवरलेले हात नव्हते, सुया नव्हत्या. आई मुलाला पेल्याने पाणी पाजत होती. लॅटांच्या हातून जे राहून गेले, म्हणजे जाईल तितके भरत राहणे, ते या आयांनी केले.

महालनबीस २०२२ साली वारले. पण आपल्याकडे अजूनही कित्येक घरांत मुलाला जुलाब लागले की, “पाणी देऊ नका, आणखी होईल,” असे वडीलधारी सांगतात. माझी आजीही असेच म्हणे. तिच्या मायेबद्दल मला शंका नाही. तशी ती १८३२ च्या डॉक्टरांच्या हेतूबद्दलही नाही. पण नुसत्या मायेने तोल सावरत नाही. लिटरभर उकळून निवविलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचे चहाचे, एवढे तर कोणत्याही स्वयंपाकघरात असते. दवाखान्यातली पुडी मिळाली तर अधिक उत्तम. मूल मलूल पडले, पाणी पोटात ठरेना, तर मात्र वाट न पाहता डॉक्टरांकडे न्यावे. तोवर घोटघोट पाजत राहावे.