मिस फरारची शाळा आणि आपली माणसे

सावित्रीबाई फुले यांचा फोटो आता बहुतेक शाळांच्या भिंतीवर दिसतो. ३ जानेवारीला हार घातला जातो, मुली भाषणे करतात. पण सावित्रीबाईंना शिक्षिका होण्याचे धडे कोणाकडे मिळाले, असे विचारले तर बरीच माणसे एकमेकांकडे पाहू लागतात. चरित्रकारांनी दोन नावे नोंदवली आहेत. पुण्यातील मिचेलबाई आणि अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, मिस सिंथिया फरार. एक स्कॉटिश मिशनच्या, दुसऱ्या अमेरिकेतून आलेल्या.

मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. डिप्लोमा करून सरकारी नोकरीला लागलेला माणूस आहे. वाचनाची आवड आहे, एवढेच. पण या विषयावर वाचताना एक प्रश्न मला सोडेना. परक्या देशातून, परक्या धर्माची माणसे येतात, आपल्या गल्लीत दोन खोल्यांची शाळा काढतात, आणि ज्या काळात मुलगी शिकली तर नवरा मरतो अशी समजूत होती त्या काळात लोक आपल्या मुली तिथे पाठवतात. हा विश्वास आला कुठून? आणि तो खरोखर किती होता?

सुरुवात १८१३ सालापासून करावी लागते. त्या वर्षी फेब्रुवारीत गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे दोन अमेरिकन तरुण मुंबईत उतरले. बोस्टनच्या मिशन मंडळाने त्यांना पाठवले होते. ही वेळ अगदीच चुकीची होती, कारण त्याच सुमारास इंग्लंड आणि अमेरिका यांच्यात लढाई चालू होती आणि कंपनी सरकारला मिशनरी तसेही नकोच होते. गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांनी परत जाण्याचा हुकूम काढला. दोघे गुपचूप जहाजाने कोचीनला गेले, तिथून त्यांना पुन्हा मुंबईला आणले गेले, अर्जविनंत्या झाल्या आणि शेवटी राहण्याची परवानगी मिळाली. म्हणजे ज्यांना आपण आज ‘साहेबांचे लोक’ म्हणतो, त्यांच्यावर पहिला अविश्वास साहेबानेच दाखवला होता.

या लोकांनी पहिली गोष्ट कोणती केली असेल तर मराठी शिकले. दुसरी गोष्ट, शाळा काढल्या. पण त्या शाळा आपण समजतो तशा ‘कॉन्व्हेंट’ नव्हत्या. भाड्याचे घर किंवा ओसरी, आणि शिकवायला आपलेच पंतोजी. बहुतेक पंतोजी ब्राह्मण असत, काही बेने इस्राएल. धूळपाटी, मुळाक्षरे, पाढे, हिशेब हे सगळे आपल्या गावठी शाळेसारखेच. फरक एवढाच की वाचनाला छापील पुस्तके असत आणि त्यांत ख्रिस्ती धर्माचा मजकूर असे. मिशनने मुंबईत स्वतःचा छापखानाही घातला होता. (निर्णयसागरचे जावजी दादाजी पोरवयात याच छापखान्यात कामाला होते. तो वेगळाच विषय आहे.)

मला वाटते, विश्वासाचे निम्मे कोडे इथेच सुटते. पालकाने पोराला अमेरिकन माणसाकडे पाठवले नव्हते, ओळखीच्या पंतोजीकडे पाठवले होते. गोरा साहेब आठवड्यातून कधीतरी येऊन परीक्षा घेई. पंतोजी धर्माचा मजकूर वाचून घेई, पण त्याच्या कपाळावरचे गंध कायम असे आणि घरचा देव्हाराही कायम असे. मुलाच्या बापाला हे दिसत होते. पुस्तकात काय लिहिले आहे यापेक्षा शिकवणारा कोण आहे हे त्याने पाहिले. आजही आपण शाळेत नाव घालताना तेच करतो.

मुलींचे प्रकरण मात्र इतके सोपे नव्हते. मुंबईत अमेरिकन मिशनने मुलींची पहिली शाळा १८२४ मध्ये काढली. या शाळा पाहायला एक पूर्णवेळ बाई हवी होती. मिशनऱ्यांच्या बायकांना संसार होता, बाळंतपणे होती, आजारपणे होती आणि मृत्यूही होते. गॉर्डन हॉल स्वतः १८२६ मध्ये नाशिक भागात फिरतीवर असताना पटकीने गेले. तेव्हा बोस्टनच्या मंडळाने १८२७ मध्ये सिंथिया फरार यांना पाठवले. न्यू हॅम्पशायरमधील मार्लबरो या लहान गावात १७९५ साली जन्मलेल्या, व्यवसायाने शिक्षिका, वय बत्तीस, लग्न न केलेल्या. त्या मंडळाने परदेशी पाठवलेल्या अगदी पहिल्या अविवाहित स्त्रियांपैकी त्या एक होत. डिसेंबर १८२७ च्या अखेरीस त्या मुंबईला पोहोचल्या.

त्यांचे आडनाव मराठीत लिहिले की वेगळाच अर्थ निघतो. पण या फरारबाई कुठे फरार झाल्या नाहीत. प्रकृतीसाठी दोन वर्षे मायदेशी जाऊन आल्या, ती सोडली तर मरेपर्यंत म्हणजे १८६२ पर्यंत इथेच राहिल्या. पहिली दहा वर्षे मुंबई, आणि १८३९ मध्ये परतल्यावर अहमदनगर. नगरला मिशनचे ठाणे १८३१ मध्येच बसले होते.

एक एकटी बाई, नवरा नाही, मूल नाही, परक्या मुलखात राहते आणि पोरींना अक्षरे शिकवते. आपल्या आजी-पणज्यांना हे किती विचित्र वाटले असेल! पण मला वाटते की याचा फायदाही झाला असेल. घरातील बायका पुरुष मिशनऱ्यासमोर आल्या नसत्या, बाईसमोर आल्या असतील. आणि वर्षामागून वर्षे तीच बाई त्याच गल्लीत दिसत राहिली की माणसांची भीती कमी होते. आम्ही खात्यातले लोक हे जाणतो. बदली होऊन येणारा प्रत्येक नवा अधिकारी गावाला सारखाच, पण जो टिकून राहतो त्याच्याकडे लोक आपले खरे गाऱ्हाणे घेऊन येतात.

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर हा लेख खोटा ठरेल. या शाळा निव्वळ परोपकारासाठी नव्हत्या. धर्मप्रसार हा त्यांचा उघड हेतू होता, आणि त्यांनी तो लपवलाही नाही. लोकांनाही तो माहीत होता. जोपर्यंत हेतू पुस्तकात होता तोपर्यंत चालून गेले. तो घरात शिरला तेव्हा विश्वास एका दिवसात तुटला. १८३९ मध्ये मुंबईत जॉन विल्सन यांच्या शाळेतील दोन पारशी मुलांनी बाप्तिस्मा घेतला. मोठी खळबळ झाली, प्रकरण कोर्टात गेले आणि पारशी पालकांनी आपली मुले शाळेतून काढून घेतली. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने धर्मांतर केले. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत अजून लहान होता, तोही मिशनऱ्यांकडे राहू लागला. वडिलांनी कोर्टात धाव घेतली आणि कोर्टाने मुलगा त्यांच्या ताब्यात दिला. पण त्याला प्रायश्चित्त देऊन परत जातीत घ्यायचे की नाही यावर आपल्याच लोकांत दोन तट पडले. बाळशास्त्री जांभेकर त्याला परत घ्यावे या बाजूने ठाम उभे राहिले आणि त्याबद्दल त्यांनी सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. मुलाला शाळेत पाठवणाऱ्या बापाचा यात काय दोष होता? त्याने अक्षर मागितले होते. त्या बापाची तळमळ मला आजही खरी वाटते, आणि मिशनऱ्यांच्या चांगुलपणाबद्दल लिहिताना ती विसरता कामा नये.

तरी शाळा बंद पडल्या नाहीत. काही महिने ओस पडत आणि पुन्हा भरत. कारण लोकांना शिक्षण हवे होते आणि ते देणारे दुसरे फार कोणी नव्हते. सरकारी शाळांची दारे सगळ्यांना उघडी नव्हती. आपल्या शेजारच्या धारवाडचेच उदाहरण आहे. १८५६ मध्ये तिथल्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला आणि त्याने थेट सरकारकडे अर्ज केला. ज्यांना कुठेच जागा नव्हती त्यांना मिशनची ओसरी मिळाली. त्यांचा विश्वास आणि वरच्या वर्गाचा विश्वास एका मापाने मोजता येणार नाही. एकाला गमावायला पुष्कळ होते, दुसऱ्याला गमावायला काय होते?

या सगळ्यात मला सर्वात जास्त आवडते ते बेने इस्राएल लोकांचे वागणे. कोकणात तेलाचा धंदा करणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनवार तेली’ म्हणवले जाणारे हे मराठी बोलणारे ज्यू. अमेरिकन मिशनने त्यांच्या मुलांसाठी शाळा काढल्या, त्यांच्यातल्यांना शिक्षक नेमले. विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रूचे व्याकरण मराठीत लिहिले. हेतू हा की जुना करार वाचता वाचता हे लोक पुढे नव्या कराराकडे वळतील. झाले उलटेच. हिब्रू शिकून बेने इस्राएल लोक आपल्या स्वतःच्या धर्मग्रंथाच्या अधिक जवळ गेले. ख्रिस्ती झालेले अगदी तुरळक. १८७५ मध्ये हाईम सॅम्युअल केहिमकर वगैरे मंडळींनी मुंबईत आपली स्वतःची इस्राएली शाळा काढली. मिशनऱ्यांशी भांडण नाही, शिव्याशाप नाहीत. जे घ्यायचे ते घेतले आणि आभार मानून आपल्या घरी आले.

जोतिराव फुले यांचेही काहीसे असेच आहे, फक्त त्यांची झेप फार मोठी. लहानपणी कुणाच्या तरी सांगण्यावरून वडिलांनी, गोविंदरावांनी, त्यांना शाळेतून काढून मळ्यात कामाला लावले होते. पुन्हा शाळेत घालायला लावले ते गफ्फार बेग मुन्शी आणि लिजिटसाहेब या दोघांनी. म्हणजे मिशन शाळेत हा मुलगा गेला तोही शेजाऱ्याच्या शब्दावर. १८४१ ते १८४७ या काळात पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत त्यांचे शिक्षण झाले. मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे नगरला नोकरीला होते. त्यांच्याबरोबर जोतिरावांनी मिस फरार यांच्या मुलींच्या शाळा पाहिल्या. तिथली शिस्त आणि मुलींची प्रगती पाहून आपल्यालाही पुण्यात मुलींची शाळा काढावीशी वाटली, असे त्यांनी स्वतः सांगितल्याची हकीकत १८५३ मध्ये ‘ज्ञानोदय’ पत्रात आली आहे. १८४८ मध्ये भिडे वाड्यात शाळा सुरू झाली आणि सावित्रीबाई शिकवू लागल्या. पुढचे शेण, चिखल, दगड सर्वांना माहीत आहे.

एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. फरारबाईंच्या शाळेत मुली जात होत्या ते नगर ख्रिस्ती बाईला सहन करत होते. तेच काम आपल्यातल्या एका माळ्याच्या सुनेने सुरू केले तेव्हा पुण्याला सहन झाले नाही. परक्याला आपण पाहुणा म्हणून सोडून देतो, आपल्या माणसाला नाही. हे लिहिताना बरे वाटत नाही, पण ते खरे आहे.

जोतिराव मिशनऱ्यांचे ऋण मानत होते, पण त्यांचे मिंधे झाले नाहीत. त्यांनी काही वर्षे मिशनच्या मुलींच्या वसतिगृहाच्या शाळेत शिकवलेही. धर्म मात्र बदलला नाही. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी स्पष्ट म्हटले की काही मिशन शाळा उत्तम चालतात, पण सरकारी शाळांइतके यश त्यांना येत नाही आणि त्यांच्या निम्म्यानेही मुले त्यांच्याकडे येत नाहीत. ज्या शाळेत शिकलो तिच्याबद्दल असे मोजूनमापून बोलणे आपल्याकडे कमीच आढळते.

मिशनच्या मुख्य कचेरीलाही हे फारसे कळले नाही असे दिसते. १८५४-५५ मध्ये बोस्टनहून रुफस अँडरसन हे मंडळाचे चिटणीस पाहणीला आले. त्यांचे मत असे की शाळांवर खर्च जास्त आणि धर्मप्रसार कमी होतो, इंग्रजी शिकून मुले नोकरीला जातात. त्यानंतर इंग्रजी शाळा आखडत्या घेतल्या गेल्या. बोस्टनच्या हिशेबात ते बरोबरही असेल. पण शाळेसाठीच ज्यांनी मिशनला दारात उभे केले होते त्यांना काय वाटले असेल? वरून परिपत्रक येते आणि खालच्या माणसाची वीस वर्षांची मेहनत एका सहीने गुंडाळली जाते. यावर मी अधिक लिहीत नाही, सरकारी नोकर आहे.

आपल्या बेळगावातही १८२० पासून लंडन मिशनरी सोसायटीचे लोक होते. त्यांच्याच शाळेतून पुढे बेनन स्मिथ हायस्कूल झाले, ज्यात आपल्यापैकी अनेकांचे आजोबा शिकले. मराठी, कानडी, उर्दू बोलणारी मुले एका बाकावर बसली. त्यांतली किती ख्रिस्ती झाली? आमच्या माहितीत तरी कोणी नाही. इंग्रजी आणि गणित मात्र सगळ्यांचे पक्के झाले. त्या पिढीतील म्हातारी माणसे सकाळच्या प्रार्थनेची नक्कल करून दाखवत आणि लगेच त्याच मास्तरांबद्दल आदराने बोलत. दोन्ही गोष्टी त्यांच्यात सुखाने नांदत होत्या.

मिस फरार जानेवारी १८६२ मध्ये नगरलाच वारल्या. वय सहासष्ट. मायदेशापेक्षा या मुलखात त्यांचे आयुष्य अधिक गेले होते असे नाही, पण कामाचे आयुष्य बहुतेक सगळे इथेच गेले. त्या गेल्या तेव्हा सावित्रीबाई एकतीस वर्षांच्या होत्या आणि त्यांना शिकवायला लागून चौदा वर्षे होत आली होती.