बुरशीस मिळालेली वर्दी

पावसाळ्यांत भाताच्या पेंढ्याची उडवी नीट झांकली नाहीं, तर आंतला पेंढा काळा पडून कुजतो, हें पनवेलच्या शेतकऱ्यास सांगावयास नको. हें काम बुरशीचें. पेंढ्यांतील चिवट तंतु म्हणजे सेल्युलोज. बुरशी आपल्या विकरांनीं, म्हणजे एन्झाइमांनीं, त्याचे तुकडे करते व त्यांतून निघालेल्या साखरेवर जगते.

दुसऱ्या महायुद्धांत सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचे सुती तंबू असेच भराभर कुजूं लागले. एका तंबूच्या कापडावर सांपडलेल्या बुरशीचीं विकरें विलक्षण प्रबळ निघालीं. मेरी मँडेल्स व एल्विन रीझ यांनीं तिचा अभ्यास आरंभिला. शत्रूसच चाकरीस लावावें, असा हा विचार. परंतु अडचण मोठी होती. शुद्ध ग्लुकोज दिलें, कीं बुरशी हीं विकरें करीतच नसे. आयतें ताट वाढलेलें असतां दळणकांडण कोण करील?

मात्र ग्लुकोजच्या कांहीं नमुन्यांवर विकरें निर्माण होत. शोधांतीं हा गुण ग्लुकोजचा नसून त्यांत लेशमात्र मिसळलेल्या दुसऱ्या साखरेचा ठरला. १९६२ सालीं तिचें नांव प्रसिद्ध झालें : सोफोरोज. सेल्युलोजप्रमाणेंच तीहि ग्लुकोजचीच बनलेली; जोड तेवढा निराळा. ती भेटतांच बुरशीस जणूं वर्दी मिळते, कीं सेल्युलोज जवळ आहे, कामास लागावें. १९७७ सालीं या बुरशीस रीझ यांचें नांव देण्यांत आलें. सोफोरोज महाग असल्यामुळें कारखान्यांसाठीं दुधांतील साखर, लॅक्टोज, हीच वर्दी देण्यास सोयीची ठरली.

आतां पानिपतकडे वळूं. तें नांव ऐकतांच मराठी मनास १७६१ साल आठवतें. तेथेंच १० ऑगस्ट २०२२ रोजीं भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल हें इंधन करणारा इंडियन ऑइलचा कारखाना राष्ट्रास अर्पण झाला. वर्षास सुमारें २ लाख टन पेंढा व ३ कोटी लिटर इथेनॉल, अशी त्याची योजना. तंत्र पुण्याच्या प्राज कंपनीचें. उत्तरेंत शेतांतच जाळल्या जाणाऱ्या पेंढ्याच्या धुरानें माणसांचा श्वास कोंडतो. तो पेंढा उपयोगीं आणावयाचा, तर विकरें विपुल व स्वस्त हवींत. म्हणूनच एका क्षुद्र भेसळीची कसून चौकशी करणाऱ्या त्या दोघांचें ऋण मोठें आहे.