तळटीप : ‘भारित कार्बन-पिंजरा’

* लेखकाने हा शब्द ओझरता वापरला आहे, पण तो थांबून समजून घ्यावा असा आहे. पिंजरा म्हणजे फुलरीन : 60 कार्बन अणूंचा, फुटबॉलसारखा पोकळ रेणू (सी-60), 1985 साली क्रोटो, कर्ल आणि स्मॉली यांना सापडलेला. टोल्युइनमध्ये विरघळवला की बाटलीत पिकल्या जांभळाचा रस ओतल्यासारखा दिसतो. ‘भारित’ म्हणजे त्यात इलेक्ट्रॉन भरलेला किंवा त्यातून काढलेला. त्याच्या सर्वांत खालच्या तीन रिकाम्या कक्षांत प्रत्येकी दोन, असे सहा इलेक्ट्रॉन मावतात. 1992 मध्ये एचेगोयेन आणि सहकाऱ्यांनी उणे 10 अंश सेल्सिअसला विद्युतदाब वाढवत नेला, तेव्हा आलेखावर एकामागून एक सहाही शिखरं उमटली. भरलेले इलेक्ट्रॉन परत काढताही आले. एक इलेक्ट्रॉन शिरताच रेणू सुमारे 1075 नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश शोषू लागतो. त्यावरूनच त्याचा भार ओळखतात. आपल्याकडे ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात मित्तल, पलित प्रभृतींनी 1990च्या दशकात फुलरीनच्या प्रकाशशोषणाचा अभ्यास केला. नांदगाव खंडेश्वरच्या शिवारातून अंधाऱ्या रात्री जो आकाशगंगेचा पट्टा दिसतो, त्यातल्या काही ताऱ्यांच्या प्रकाशातही एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या सी-60च्या खुणा आहेत : सुमारे 958 आणि 963 नॅनोमीटरला. 2015 मध्ये बाझेलच्या प्रयोगशाळेतील मोजमापाने त्या पक्क्या झाल्या.