बाळंतिणीचे दूध : ते कशाने वाढते आणि घरच्यांनी काय करावे

बाळ घरी आले की तिसऱ्या-चौथ्या दिवशी एक वाक्य हमखास ऐकू येते : "हिचं दूध पुरत नाही वाटतं." बडोद्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या मराठी घरांतही ते ऐकू येतेच. त्यापाठोपाठ पावडरच्या दुधाची बाटली येते, बाळ अंगावर कमी पिऊ लागते आणि मग दूध खरोखरच कमी होते. हे टळावे म्हणून सभासद कुटुंबांसाठी आम्ही ही माहिती एकत्र देत आहोत.

दूध कसे तयार होते

बाळ चोखू लागले की आईच्या शरीरात दोन संप्रेरके स्रवतात. प्रोलॅक्टिनमुळे दूध तयार होते, तर ऑक्सिटोसिनमुळे पान्हा फुटतो. स्तन जितका रिकामा होतो तितके नवे दूध लवकर तयार होते. तो भरलेला राहिला की दूध तयार होण्याचा वेग मंदावतो. म्हणजे आधी पाजणे आणि मग दूध वाढणे, असा हा क्रम आहे. प्रोलॅक्टिन रात्री अधिक असते, त्यामुळे रात्रीचे पाजणे महत्त्वाचे. वेदना, काळजी आणि टोमणे यांनी पान्हा अडतो.

पहिले दोन-तीन दिवस थोडा, घट्ट चीक येतो. नवजात बाळाचे पोट इवलेसे असते, त्याला तो पुरतो. चीक रोगप्रतिकारक घटकांनी समृद्ध असतो. तो पिळून टाकू नये. भरपूर दूध साधारण दुसऱ्या ते पाचव्या दिवसात उतरते. सिझेरियननंतर थोडा उशीर होऊ शकतो.

दूध वाढवण्यासाठी

- जन्मानंतर पहिल्या तासातच बाळाला अंगावर घ्यावे. जागतिक आरोग्य संघटनेचाही हाच सल्ला आहे.
- चोवीस तासांत 8 ते 12 वेळा पाजावे. सुरुवातीच्या दिवसांत बाळ तीन तासांहून अधिक झोपले तर उठवून पाजावे.
- बाळाच्या तोंडात नुसते स्तनाग्र नको, भोवतालचा काळा भागही जायला हवा. तोंड मोठे उघडलेले, खालचा ओठ बाहेर वळलेला आणि हनुवटी स्तनाला टेकलेली असावी. पाजताना सतत दुखत असेल तर पकड चुकते आहे असे समजावे.
- एक बाजू पुरती पिऊ द्यावी, मग दुसरी द्यावी.
- बाळाला उघड्या अंगाने आईच्या छातीवर ठेवावे.
- बाळ नीट ओढत नसेल तर पाजून झाल्यावर हाताने किंवा पंपाने दूध काढावे आणि ते वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने द्यावे.

पुरते आहे हे कसे ओळखावे

स्तन मऊ लागणे, बाळाचे रडणे किंवा पंपाने कमी दूध निघणे हे दूध कमी असल्याचे पुरावे नव्हेत. संध्याकाळी बाळ वारंवार मागते. दोन-तीन आठवड्यांच्या आणि सहा आठवड्यांच्या सुमारास भूक एकदम वाढते. तेव्हा अधिक वेळा पाजले की दूधही त्या बेताने वाढते.

खरी खूण लंगोटात आणि वजनात दिसते. सहाव्या दिवसापासून दिवसाला सहा किंवा अधिक लंगोट ओले व्हावेत आणि शी पिवळी असावी. सुरुवातीला वजन थोडे घटते, दोन आठवड्यांपर्यंत ते जन्माच्या वजनावर यावे आणि पुढे रोज सुमारे 20 ते 30 ग्रॅम वाढावे.

लाडू, अळीव आणि शेपा

डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, मेथी, खसखस, बाळंतशेपा हे आपल्याकडचे. शेजारच्या गुजराती घरांतले काटलू आणि सुवाही त्याच वळणाचे. आपल्या बाळंतशेपा म्हणजेच त्यांचा सुवा. हे पदार्थ जरूर खावेत, कारण पाजणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत रोज सुमारे 600 कॅलरी अधिक लागतात. पण पाजणे कमी असेल तर एकट्या लाडवांनी दूध वाढत नाही. वरण, भाजी, दूध, उसळी असे साधे ताजे जेवण आणि तहानेपुरते पाणी हवेच. मधुमेह किंवा थायरॉईड असल्यास मेथी, शतावरी वगैरे औषध म्हणून घेण्याआधी डॉक्टरांना विचारावे. दूध वाढवण्याच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत.

बाळाला काय देऊ नये

सहा महिने फक्त आईचे दूध. पाणी, बाळगुटी, गूळपाणी, गाईचे दूध नको. मध तर एक वर्षापर्यंत मुळीच देऊ नये. त्यातून बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. डॉक्टरांनी दिलेली औषधे व जीवनसत्त्वाचे थेंब मात्र चालू ठेवावेत.

डॉक्टरांकडे कधी जावे

बाळ सुस्त आहे, पिण्यासाठी उठत नाही, लघवी कमी आहे, कावीळ वाढते आहे किंवा वजन दहा टक्क्यांहून अधिक घटले आहे, तर त्याच दिवशी दाखवावे. आईला ताप, स्तनात लाल दुखरी गाठ किंवा सतत उदासी असेल तरीही थांबू नये. थायरॉईडचा त्रास, बाळंतपणातला अतिरक्तस्राव, वारेचा तुकडा आत राहणे किंवा स्तनावरची जुनी शस्त्रक्रिया यांमुळे काहींना खरोखरच दूध कमी येते. अशा वेळी डॉक्टरांच्या सल्ल्याने वरचे दूध द्यावे. त्यात आईचा दोष नसतो.

घरच्यांसाठी

आजी, आत्या, मावशी यांचा शब्द बाळंतीण मनावर घेते. "पुरत नाही" म्हणण्याआधी लंगोट मोजावेत. भेटायला येणाऱ्यांची वेळ ठरवावी, पाजताना खोली मोकळी ठेवावी. ढेकर काढणे, दुपटी धुणे, रात्री बाळ उचलून आईजवळ देणे ही बाळाच्या बाबांची कामे. बाळंतिणीला जेवण गरम मिळावे आणि बाळ झोपले की तिलाही झोपू द्यावे. अळिवाच्या खिरीइतकीच या विश्रांतीचीही तिला गरज असते.