कीर्तीचे ऋण

विद्येला विनयाची शोभा असते, हे आपल्याकडे लहान मुलासही पाठ असते. परंतु विनय म्हणजे नेमके काय, असा प्रश्न कोणी केला तर भले भले घोटाळतात. सत्काराच्या वेळी मान खाली घालणे, ‘मी पामर, माझी योग्यता ती काय’ असे म्हणणे, यालाच पुष्कळ लोक विनय समजतात. तीन तपे वर्गात काढल्यावर आमचे मत असे झाले आहे की, विनयाची परीक्षा बोलण्यापेक्षा हिशेबात अधिक होते. आपल्याजवळ जे आहे ते कोणाकडून आले, हे ज्याला स्मरते व जो ते चारचौघांत नाव घेऊन सांगतो, तो विनयशील. हे मत विशद करण्यासाठी यंदाच्या स्मरणिकेत आम्ही अमेरिकेतील ग्रामगायकांचा इतिहास निवडला आहे. देश दूरचा आहे, भाषा परकी आहे. तथापि कीर्ती, कला आणि कृतज्ञता यांचा गुंता सर्व देशांत सारखाच असल्यामुळे ज्ञातिबंधुभगिनींस तो परका वाटणार नाही, अशी आशा आहे.

अमेरिकेच्या पूर्व भागात ॲपलाचियन नावाची डोंगरांची लांब रांग आहे. इंग्लंड, स्कॉटलंड व आयर्लंड येथून आलेल्या लोकांनी तिच्या खोऱ्यांतून वस्ती केली व येताना आपली पिढीजात कथागीते आणि फिडल, म्हणजे आपण ज्यास व्हायोलिन म्हणतो ते वाद्य, बरोबर आणले. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांनी बँजो हे वाद्य दिले आणि त्यांच्या वंशजांनी ‘ब्लूज’ नावाची दुःखगीते दिली. शेतात, खाणीत, रेल्वेच्या रुळांवर आणि प्रार्थनामंदिरांत हे दोन प्रवाह एकमेकांत मिसळले. त्या संगमातून जे संगीत निर्माण झाले, त्यास ‘कंट्री’ संगीत, म्हणजे गावाकडचे संगीत, असे म्हणतात. दक्षिणेकडील राज्यांत त्या काळी गोऱ्या व कृष्णवर्णीय लोकांस शाळा, उपाहारगृहे, गाड्यांतील डबेदेखील कायद्याने निरनिराळे होते. सुरांस मात्र कायद्याची कुंपणे अडवू शकली नाहीत. ही गोष्ट पुढील वृत्तांत वाचताना ध्यानात ठेवावी.

या संगीताच्या कीर्तीचा आरंभ सामान्यतः १९२७ या वर्षापासून धरतात. टेनेसी व व्हर्जिनिया या दोन राज्यांच्या सीमेवर ब्रिस्टल नावाचे गाव आहे. दोन राज्यांची हद्द तेथील मुख्य रस्त्याच्या मधूनच जाते. व्हिक्टर या ध्वनिमुद्रण कंपनीसाठी राल्फ पीअर नावाचे गृहस्थ यंत्रसामग्री घेऊन तेथे आले आणि टोप्यांच्या एका कंपनीच्या जुन्या इमारतीत त्यांनी २५ जुलै ते ५ ऑगस्ट या अवधीत १९ गायक वा मेळ्यांची ७६ गीते मुद्रित केली. प्रत्येक गीतास ५० डॉलर रोख मिळत. स्थानिक वृत्तपत्रात या मिळकतीची वार्ता छापून येताच डोंगरांतून गाणारांची रीघ लागली. त्यांत व्हर्जिनियातील एका खेड्यात फळझाडांची रोपे विकणारे ए. पी. कार्टर हे आपली पत्नी सारा व अठरा वर्षांची भावजय मेबेल यांसह आले. दोनच दिवसांनी रेल्वेची नोकरी केलेला क्षयग्रस्त गायक जिमी रॉजर्स आला. हा रॉजर्स पुढे सहाच वर्षे जगला; १९३३ साली न्यूयॉर्क येथे गीते मुद्रित करताना मधून मधून खाटेवर विश्रांती घेत त्याने काम पुरे केले आणि काही दिवसांतच देह ठेवला. १९९८ साली अमेरिकेच्या काँग्रेसने ठराव करून ब्रिस्टल गावास कंट्री संगीताचे जन्मस्थान म्हणून मान्यता दिली.

आता हिशेबाकडे वळू. पीअर हे चतुर व्यापारी होते. त्यांचे उत्पन्न मुख्यतः गीतांच्या स्वामित्वहक्कावर अवलंबून होते. यास्तव पूर्वी कोणी मुद्रित न केलेली, कोणाच्या नावावर नोंदविता येतील अशी गीते त्यांस सतत हवी असत. कार्टर यांच्या घरची शिदोरी लवकरच संपू लागली. तेव्हा ते गीतांच्या शोधात गावोगाव हिंडू लागले. १९२८ च्या सुमारास किंग्सपोर्ट गावी त्यांस लेस्ली रिडल नावाचा तरुण कृष्णवर्णीय गायक भेटला. एका अपघातात त्याने पाय गमावला होता व दुसऱ्यात उजव्या हाताची दोन बोटे गेली होती; तरीही त्याचे गिटारवादन ऐकण्यासारखे होते. दोघे मिळून घरोघर, खेडोपाडी फिरत. कार्टर शब्द लिहून घेत आणि रिडल चाल कंठात साठवून ठेवी. घरी परतल्यावर तो ती चाल कार्टर मंडळींस गाऊन दाखवी. अनेक गीते त्याने स्वतःची म्हणून शिकविली. मेबेलनेही त्याच्या वादनातून पुष्कळ उचलले. ध्वनिमुद्रिकांवर नाव पडले ते मात्र कार्टर यांचे. रिडल पुढे १९४२ साली उत्तरेकडील रॉचेस्टर शहरी गेला आणि त्याने गाणे जवळजवळ सोडून दिले.

कार्टर यांस आम्ही चोर म्हणणार नाही. जी गीते डोंगरांतून विरून गेली असती, ती त्यांच्या पायपिटीमुळे टिकली, हे त्यांचे पुण्य थोर आहे. त्या काळची रीतही तशीच होती. तथापि रीत सर्वत्र तशी होती म्हणून ऋण फिटत नाही. या प्रकरणात समाधानाची गोष्ट एवढीच की, सुमारे तीस वर्षांनंतर माइक सीगर या संगीतसंग्राहकाशी बोलताना मेबेल कार्टर यांनी रिडलचे नाव आपण होऊन सांगितले. त्या धाग्यावरून सीगर १९६५ साली त्याच्यापर्यंत पोहोचले, त्यांनी त्याचे गाणे मुद्रित केले आणि तो पुन्हा लोकांसमोर गाऊ लागला. मेबेल तोवर जगप्रसिद्ध झाल्या होत्या. एक नाव उच्चारल्याने त्यांचे काहीच उणे झाले नाही. उलट, एका माणसाचे आयुष्यभराचे श्रम अंधारातून बाहेर आले.

दुसरा वृत्तांत हँक विल्यम्स यांचा. १९२३ साली अलाबामा राज्यात जन्मलेला हा मुलगा पाठीच्या कण्याच्या जन्मजात व्यंगाने पीडित. वडील दीर्घकाळ इस्पितळात, आई लोकांस घरी जेवावयास ठेवून संसार चालवीत असे. त्या गावांच्या रस्त्यांवर रूफस पेन नावाचा कृष्णवर्णीय गायक गिटार वाजवून पोट भरीत असे. लोक त्यास ‘टी-टॉट’ म्हणत. हँक त्याच्या मागे मागे हिंडे. गिटारवर बोटे कशी ठेवावी, ताल कसा धरावा आणि रस्त्यावरून जाणाऱ्या माणसास आपल्या गाण्यापाशी कसे थांबवावे, हे सर्व त्याने पेनकडून घेतले. आई त्याबद्दल पेनला जेवू घाली, असे सांगतात. पेन १९३९ साली माँटगोमेरी शहरात निर्धन अवस्थेत वारला.

पुढील दहा वर्षांत हँक अमेरिकेतील सर्वांत लोकप्रिय ग्रामगायक झाला. ११ जून १९४९ रोजी नॅशव्हिल येथील ‘ग्रँड ओल ऑप्री’ या विख्यात नभोवाणी कार्यक्रमात तो प्रथम उभा राहिला, तेव्हा श्रोत्यांनी त्याला पुन्हा पुन्हा गावयास लावले. कीर्तीचा भार मात्र त्यास पेलला नाही. मद्य व वेदनाशामक औषधे यांनी त्याचा ग्रास घेतला. १९५२ च्या ऑगस्टमध्ये ऑप्रीने त्यास काढून टाकले आणि १ जानेवारी १९५३ रोजी, वयाच्या २९ व्या वर्षी, कार्यक्रमास जाताना मोटारीच्या मागच्या आसनावर तो मृतावस्थेत आढळला. व्यसनाच्या बाबतीत त्याचे उदाहरण मुलांपुढे ठेवण्याजोगे नाही. परंतु एक गोष्ट त्याच्या खात्यावर जमा केलीच पाहिजे. आपले सारे संगीतशिक्षण टी-टॉटकडून झाले, हे तो मुलाखतीत उघडपणे सांगत असे. ज्या समाजात गोऱ्या माणसाने कृष्णवर्णीयास एका मेजावर बसविणे हादेखील अपराध मानला जाई, त्या समाजात हा मनुष्य त्यास आपला गुरू म्हणत होता. पेनचे नाव आज जगास ठाऊक आहे ते एवढ्यामुळेच. हँकच्या अंत्यविधीस माँटगोमेरी येथे सहस्रावधी लोक लोटले व त्याची भव्य समाधी तेथे आहे. त्याच शहरात दुसऱ्या एका दफनभूमीत त्याचा गुरू पुरला आहे. नेमकी जागा कोणती, याची खूण राहिली नाही. पुढे तेथे स्मारकशिला उभारली गेली, ती शिष्याने उच्चारलेल्या नावाच्या आधारावरच.

तिसरा वृत्तांत ज्यास कीर्ती मिळाली व ती हिरावूनही घेतली गेली अशा पुरुषाचा आहे. डीफोर्ड बेली यांचा जन्म टेनेसीत १८९९ साली झाला. तिसऱ्या वर्षी पोलिओ झाल्यामुळे शरीर खुजे राहिले. आजोबा फिडल वाजविण्यात निष्णात होते. घरातच संगीत होते. शाळेच्या वाटेवर रेल्वेचा पूल लागे. मुलगा पुलाखाली थांबून गाडीचा धडधडाट कान देऊन ऐके आणि तोच आवाज माऊथ ऑर्गनमधून काढून पाही. १० डिसेंबर १९२७ च्या रात्री नॅशव्हिलच्या नभोवाणीवर अभिजात संगीताचा कार्यक्रम संपून ग्रामसंगीताचा सुरू झाला, तेव्हा आरंभी बेली यांनी आगगाडीची आपली प्रसिद्ध धून वाजविली. ती संपताच संचालक जॉर्ज हे यांनी विनोदाने म्हटले की, आतापर्यंत ‘ग्रँड ऑपेरा’ ऐकलात, आता ‘ग्रँड ओल ऑप्री’ ऐका. शब्दाचा गावंढळ उच्चार करून केलेली ही कोटी त्या कार्यक्रमाचे कायमचे नाव होऊन बसली. म्हणजे जगातील एका अत्यंत प्रसिद्ध कार्यक्रमाचे बारसे एका खुज्या, कृष्णवर्णीय वादकाच्या वादनानंतर झाले.

आरंभीच्या त्या काळात बेली हे कार्यक्रमातील अत्यंत लाडके वादक होते. दौऱ्यावर त्यांच्या नावाने तिकिटे खपत. परंतु ज्या गावी त्यांस टाळ्या मिळत, त्याच गावच्या हॉटेलात त्यांस खोली मिळत नसे. कधी गोऱ्या सहकाऱ्याचा नोकर म्हणून सांगितले की आत प्रवेश मिळे. १९४१ साली नभोवाणी कंपन्या व गीतांचे हक्क सांभाळणारी संस्था यांच्यात तंटा झाला. बेली यांच्या गाजलेल्या धुना त्यामुळे वाजविता येईनात. त्याच वर्षी त्यांस काढून टाकण्यात आले, आणि पुढे हे यांनी त्यांच्यावर आळसाचा ठपका ठेवला. त्यानंतर कित्येक वर्षे बेली यांनी नॅशव्हिलमध्ये बूटपॉलिशचे दुकान चालविले. तेथेच, त्याच शहरात, दर शनिवारी तो कार्यक्रम चालूच होता.

येथे आमच्या मते विनयाचा खरा धडा आहे. बेली यांनी हातातले काम हलके मानले नाही. स्वतःच्या श्रमाने कुटुंब पोसले आणि कोणाच्या दारी याचना केली नाही. त्याचबरोबर आपल्यावर अन्याय झाला, ही गोष्टही त्यांनी झाकून ठेवली नाही. पुष्कळांस विनय म्हणजे अपमान गिळणे असे वाटते. बेली यांच्या चरित्रावरून तसे दिसत नाही. आपले मोल जाणणे आणि श्रमाची लाज न बाळगणे, या दोन्ही गोष्टी त्यांच्या ठायी एकत्र नांदत होत्या. १९७४ साली ऑप्रीने त्यांस पुन्हा रंगमंचावर बोलाविले व त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यांचा पंचाहत्तरावा वाढदिवस तेथे साजरा झाला. १९८२ साली ते निवर्तले. ‘कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेम’ या सन्मानमंदिरात त्यांचे नाव कोरले गेले ते २००५ साली, म्हणजे मृत्यूनंतर तेवीस वर्षांनी. ज्याच्या वादनानंतर नाव पडले, त्याचे नाव लागावयास अठ्ठ्याहत्तर वर्षे लोटली!

शेवटी एका विद्यमान गायिकेचा उल्लेख करून हा लेख आटोपता घेऊ. डॉली पार्टन यांचा जन्म १९४६ साली टेनेसीतील सेव्हिअर परगण्यात झाला. बारा भावंडे, आणि बाळंतपणाची डॉक्टरची फी मक्याच्या पिठाच्या पोत्याने फेडलेली. त्यांचा पुतळा १९८७ पासून त्यांच्या परगण्याच्या न्यायालयासमोर उभा आहे. कबुतरे त्यावर घाण करीत म्हणून वडील रात्री बादलीभर पाणी घेऊन तो धुवावयास जात, ही हकीकत त्या स्वतः मोठ्या प्रेमाने सांगतात. २०२१ साली राज्याच्या विधानभवनाच्या आवारात त्यांचा दुसरा पुतळा बसविण्याचा प्रस्ताव आला, तो त्यांनी आपण होऊन मागे घ्यावयास लावला. मात्र आम्हां शिक्षकांस अधिक मोलाची वाटते ती दुसरी गोष्ट. त्यांच्या वडिलांस लिहिता-वाचता येत नव्हते. या ऋणाच्या स्मरणार्थ १९९५ साली त्यांनी आपल्या परगण्यातील प्रत्येक बालकास, जन्मापासून पाचव्या वर्षापर्यंत, दरमहा एक पुस्तक घरपोच विनामूल्य पाठविण्याची योजना आरंभिली. ती आता अनेक देशांत पसरली असून पाठविलेल्या पुस्तकांची संख्या वीस कोटींच्या पुढे गेली आहे. निरक्षर पित्याची लाज न बाळगता त्याच्याच नावे ज्ञानाचे सदावर्त घालणे, याहून थोर पितृतर्पण आम्हांस ठाऊक नाही.

या चार वृत्तांतांवरून एवढेच सांगावयाचे की, कीर्ती बहुधा एकाच्या नावावर जमा होते, परंतु तिचे भांडवल अनेकांनी पुरविलेले असते. हा हिशेब ज्याचा त्याने आपल्या हयातीतच लिहून ठेवला पाहिजे. मागाहून तो लावण्यास पन्नास-पाऊणशे वर्षे लागतात आणि तोवर खुणाही पुसून जातात. आपल्या घराघरांतही कोणी पहिल्याने पाटी हातात दिली, कोणी कसब शिकविले, कोणाच्या खोलीवर राहून पहिली परीक्षा दिली, अशी नावे असतील. त्यांतील पुष्कळ माणसे आपल्या ज्ञातीतील नसतीलही. या स्मरणिकेत दरवर्षी गुणवंतांची नावे छापली जातात, ते योग्यच आहे. पुढील वर्षापासून प्रत्येक गुणवंताने आपल्या नावाखाली एका ओळीत आपल्या ऋणदात्याचे नावही कळवावे, आणि संपादकांनी ते छापावे, अशी आमची नम्र सूचना आहे.